हंड्याच्या बुडावरची मोहर

आमच्या अप्पांचं सरकारशी वैर होतं. ते एकतर्फी होतं, कारण सरकारला त्याचा पत्ताच नव्हता. कळंबच्या पेठेत आमचं धान्याचं आणि किराण्याचं लहानसं दुकान होतं. राज्य निजामाचं, दिवस दुसऱ्या मोठ्या लढाईचे. सकाळी दुकानाच्या फळ्या काढता काढता अप्पा सरकारला बोलायला लागत, ते संध्याकाळी फळ्या लावूनच थांबत.

तक्रारी खोट्या नव्हत्या. शिंदीच्या झाडांवर सरकारनं आकडे टाकले होते. अप्पा म्हणत, "झाडं मोजायला माणूस हाय, रस्त्यातले खड्डे मोजायला न्हाय." लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्य सरकारी मापानं जायचं आणि ते माप दर सुगीला जरा फुगल्यासारखं वाटायचं. पावती उर्दूत मिळायची. अप्पांना उर्दू वाचता येत नसे. "शिवी द्यायची तर कुणाच्या नावानं द्यायची, तेबी कळू देत न्हाईत," असं म्हणून ते ती पावती खिळ्याला टोचत.

पण त्यांचा सगळ्यात जुना राग करोडगिरीवर होता. राज्याबाहेरून येणाऱ्या मालावर नाक्यावर जी जकात घेत, तिला करोडगिरी म्हणत. बार्शी आमच्यापासून एका दिवसाच्या गाडीवाटेवर, पण ती इंग्रजांच्या मुलखात. तिकडून काहीही नवं आणलं की नाक्यावर पैसे मोजायचे. वापरातल्या वस्तूला मात्र माफी होती. त्यामुळं बार्शीहून परतणारी माणसं जाताना असत त्यापेक्षा जाड होऊन येत. बायका दोन लुगडी नेसून येत, पुरुष भर उन्हात कोटावर कोट चढवून घाम पुसत बसत. अप्पांना हे पटत नसे. "चोरी कशाला? कायद्यानं जे वापरातलं, ते वापरातलं. आपण वापरावं अन् ताठ मानेनं यावं," असं त्यांचं मत होतं. ते वापरून बघण्याची संधी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आली.

धाकटीचं लग्न ढोकीला ठरलं होतं. माणसं चांगली होती, पण विहीणबाई फार बारकाईच्या. त्यांनी मानपान, हुंडा यांचं फारसं काही मागितलं नाही. एकच अट घातली: आंदणाची पाच पितळी भांडी द्या, पण कोरी. आमच्यात रीतच तशी आहे. आंदणाच्या हंड्याखाली पहिला जाळ मुलीनं सासरच्या चुलीवर लावायचा, त्यात पाणी तापवायचं आणि घरातल्या मोठ्यांचे पाय धुवायचे. मग ती भांडी कल्हईवाल्याकडं जातात. विहीणबाईंच्या थोरल्या सुनेच्या माहेराहून म्हणे जुना हंडा घासून पुसून आला होता. बुडाशी काजळी सापडली, आणि त्या सुनेला ती गोष्ट अजून रोज जेवताना ऐकावी लागत होती. धाकटीनं हे ऐकलं तेव्हापासून ती हंडा हा शब्दच घाबरत उच्चारायची. मला म्हणाली, "अक्का, बाकी काय बी राहू दे. हंडा तेवढा नीट आण."

लढाईमुळं कळंबात पितळ दिसेना, म्हणून बार्शीला जायचं ठरलं. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, तरी माहेरच्या याद्या करण्याचं काम अजून माझ्याकडंच होतं; लग्नासाठी मी आधीच येऊन राहिले होते. हंडा, घागर, पातेलं, परात, डबा अशी यादी मी केली. अप्पा, मी आणि गाडीवान चाचा असे आम्ही निघालो. निघताना आईनं गाडीचा कठडा धरून सांगितलं, "विस्तव लावू नका अन् कुणी त्यात तोंड घालू नका. बाकी तुमचं सरकार तुमी बघून घ्या."

वाटेत अप्पांनी त्यांचा बेत सांगितला. भांडी वापरातली ठरली तर करोडगिरी नाही, पण चुलीवर चढवली तर कोरी नाहीत. म्हणून विस्तवाशिवाय वापरायची. येताना शिदोरी भांड्यांतच भरायची. ज्यात जेवण आहे ते भांडं नवं कसं? मला बेत आवडला. मी लगेच कोणत्या भांड्यात काय, ते ठरवलं: डब्यात शेंगादाण्याची चटणी, पातेल्यात भाकरी, परातीत लाह्या, घागरीत आणि हंड्यात पाणी. सगळं कोरडं किंवा पाणी, कारण कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं. आमच्या घरात हे न्हात्याधुत्या वयाच्या आत प्रत्येकीला शिकवलेलं.

बार्शीला अप्पांच्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या आत्याकडं उतरलो. भांडी मनासारखी मिळाली. निघायच्या सकाळी मी माझ्या यादीप्रमाणे सगळं भरलं. मग घरातल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायला आत गेले आणि घोटाळा तेवढ्यात झाला. आत्याची माया मोठी. तिनं हंड्यातलं पाणी अंगणातल्या तुळशीला ओतलं आणि त्यात अर्ध्यापर्यंत ताक भरलं. वर कोथिंबीर, मीठ, जिरं. गाडी कोसभर गेल्यावर मी झाकण काढलं.

"अप्पा, ह्यात ताक हाय!"

"बरं झालं की. ऊन लई हाय."

"अहो, कल्हई न्हाय त्याला."

अप्पांनी हंड्यात डोकावलं. मग म्हणाले, "नाका काय लांब न्हाय. घटकाभरात काय कळकतंय?"

चाचा बैलांच्या शेपटीकडं बघत बोलले, "शेटजी, घटका सरकारच्या नाक्यावरची का आपल्या घरची?"

चाचांचं खरं झालं. नाक्यावर आमच्या पुढं गाड्यांची रांग लागलेली. नाकेदार साहेब एका लिंबाखाली टेबल टाकून बसलेले. एका माणसाच्या अंगावरून ते एकामागून एक सदरे उतरवून घेत होते. चौथा सदरा निघाला तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकी वेळ कुणी काही करत नव्हतं. वैशाखातलं ऊन, लिंबाची सावली टेबलापुरती. दुपार कलली तेव्हा आमची गाडी पुढं गेली.

"क्या लाया शेटजी?"

"शिदोरी," अप्पा म्हणाले. "घरची भांडी अन् घरची शिदोरी."

नाकेदारांनी गाडीत डोकावलं. पितळ उन्हात इतकं चमकत होतं की त्यांना डोळ्यांवर हात धरावा लागला. "दोघांना पाच भांडी?"

"तिघांना," अप्पांनी गाडीवान चाचांकडं बोट केलं.

"भाकरीया कितने?"

मी म्हणाले, "चाळीस." मी बाकी सगळं नीट केलं होतं, फक्त पातेलं पोकळ वाजू नये म्हणून ते भाकरींनी गच्च भरलं होतं.

"तिघांना चाळीस भाकरी," नाकेदार शांतपणे म्हणाले. "बार्शी ते कळंब. भूक अच्छी है."

रांगेत हशा पिकला. अप्पांनी हार मानली नाही. "साहेब, वाटसरूला घालायचा आमचा धर्म हाय. तुमी बी घ्या, ही माणसं बी घेतील. वापरातली भांडी हायत का न्हाईत, डोळ्यांनी बघा." आणि त्यांनी खरोखर भाकरी वाटायला सुरुवात केली. पत्रावळी कुणाकडं तरी होत्या. मी सगळ्यांना वरून वाढत होते आणि भांड्यात कुणी हात घालणार नाही यावर नजर ठेवून होते. पंधरा-वीस माणसं जेवायला बसली. शिपाईसुद्धा बसले. चार सदरेवाला तर नुसत्या बनियनवर बसला. नाकेदार काही खाईनात, पण त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसत होता. पातेल्यातून वाढलेलं लोक खातायत, आता हे नवं कसं म्हणायचं, हा प्रश्न त्यांना पडला होता. आम्ही जवळजवळ सुटलो होतो.

तेवढ्यात अप्पांना उमाळा आला. "साहेब, निदान ताक तरी घ्या."

मी अप्पांचं उपरणं ओढलं. त्यांना वाटलं मी डोक्यावर पदर घेतेय म्हणून धक्का लागला. त्यांनी हंड्यात वरून पळी सोडली, फुलपात्र भरलं आणि नाकेदारांच्या हातात दिलं. सकाळपासून तहानलेला माणूस. त्यांनी एका दमात अर्धं तोंडात घेतलं. मग ते उठले, लिंबाच्या मागं गेले, आणि तिथून आम्हाला बराच वेळ नुसते आवाज ऐकू येत राहिले.

परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "अजी शेटजी, ये छाछ है के जहर?"

त्यांनी हंड्याचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं. मग घागर पाहिली, पातेलं पाहिलं. "कल्हई नाही," ते म्हणाले. "एकालाबी नाही. माझी अम्मी कल्हईशिवाय पाणीसुद्धा ठेवत नव्हती. घरची भांडी म्हणता? या भांड्यांनी घर देखाच नै."

अप्पांनी कनवटीची पिशवी सोडली. त्यांच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात, माझ्या माहितीप्रमाणे, सरकारसमोर त्यांची बोलती पहिल्यांदाच बंद झाली होती. पैसे मोजताना त्यांचा हात असा चालला की जणू स्वतःचा दात काढून देतायत. त्याहून वाईट पुढं होतं. पैसे भरलेल्या मालावर मोहर उठवायची पद्धत होती. शिपायानं पाचही भांडी पालथी घातली, प्रत्येकाच्या बुडावर तांबडी लाख ओतली आणि तिच्यावर सरकारचा ठसा दाबला. मी म्हणाले, "अहो, लग्नाची भांडी आहेत." शिपाई म्हणाला, "मग शोभून दिसंल की, ताई." आमचीच भाकरी अजून त्याच्या गालात होती.

गाडी निघाली. अप्पा म्हणाले, "घरी जाऊन लाख खरवडून काढ."

"खरवडली तर ओरखडा उठंल. विहीणबाईंना ओरखडा दिसला तर?"

"मग तापवून काढ."

"अन् विस्तव?"

पुढचे दोन कोस अप्पा सरकारला एका शब्दानंही बोलले नाहीत. मला काळजी वाटायला लागली.

आम्ही ताक ओतलं, हंडा चिंचेनं आणि राखेनं आतून लखलखीत केला. पण नाक्यावर जेवलेल्या पंधरा-वीस माणसांची तोंडं आम्हाला घासता येणार नव्हती. आमच्या मागच्या गाड्या थेट ढोकीच्या वाटेला गेल्या होत्या. आंदणाच्या भांड्यांत नाक्यावर पंगत उठली, ही बातमी लग्नाआधी आठ दिवस ढोकीत पोचली आणि वाढत वाढत पिठलं चुलीवर शिजवलं इथपर्यंत गेली. धाकटीच्या कानावर ते आलं तेव्हा ती हळदीला बसलेली. तिनं मला एवढंच विचारलं, "अक्का, आता जन्मभर ऐकायचं का गं?"

लग्न लागलं. जेवणं व्हायची होती. आंदण मांडलं होतं तिथं विहीणबाई आल्या, आणि त्यांच्यामागं त्यांच्याकडच्या सगळ्या बायका. त्यांनी हंड्यात पाहिलं.

"आतून लई घासलाय," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "धुऊन द्यायची रीत हाय, विहीणबाई."

"आमी ऐकलं, नाक्यावर ह्याच्यात सैपाक झाला म्हणं." आणि आईनं काही म्हणायच्या आत त्यांनी हंडा उचलून पालथा घातला. काजळी बघायला.

बुडावर तांबड्या लाखेचा मोठा गोल. मागच्या बायका वाकून बघायला लागल्या. धाकटी बोहल्याजवळून इकडंच बघत होती. मान वळवून तिच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या होत्या, ते मला लांबून दिसलं.

"हे काय चिकटलंय?"

आणि अप्पा पुढं झाले. मला वाटलं, ते आता भांडणार. पण त्यांनी छाती काढली आणि नाकेदारांचाच आवाज काढून म्हणाले, "सरकारची मोहर हाय ती, विहीणबाई! नव्या मालावरच उठते. अन् लाख हाय लाख. ह्याच्याखाली काडी जरी पेटवली असती, तरी राह्यली असती का? ठसा बघा. एक रेघ तरी हलली हाय का?"

विहीणबाईंनी नखानं लाख चाचपून पाहिली. घागर पालथी घातली, पातेलं पालथं घातलं. पाचही मोहरा जशाच्या तशा. अप्पांच्या तोंडून "सरकार" हा शब्द शिवीशिवाय निघालेला आमच्या पेठेतल्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. दोघंतिघं तर उठून जवळ आले.

"मग पंगत उठली ते?"

ते मी सांगितलं. चाळीस भाकरी, आत्याची माया, ताक, लिंबामागचे आवाज. कल्हईशिवाय ताक म्हटल्याबरोबर विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! अन् ते पाजलं कुणाला, तर सायबाला?" त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. त्यांच्या मागं उभी असलेली थोरली सून सगळ्यात जास्त हसत होती, असं मला वाटलं. तेवढं हसून झाल्यावर विहीणबाई धाकटीकडं गेल्या आणि तिच्या मुंडावळ्या नीट केल्या.

अप्पा मात्र त्या दिवसापासून खट्टू झाले. सरकारनं आपली बाजू सावरली, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. दुकानात कुणी लेव्हीचा विषय काढला तर ते सुरुवात करत आणि मध्येच अडखळत. आई म्हणाली, "ह्यांना काहीतरी झालंय."

धाकटी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा अप्पा तिला ओसरीवरच घेऊन बसले. सासू कशी, नवरा कसा, हे काही नाही.

"हंडा चुलीवर ठेवला का?"

"दुसऱ्याच दिवशी. पाणी तापवलं, सगळ्यांचे पाय धुतले."

"अन् ती लाख?"

"वितळली की. टपाटपा निखाऱ्यात पडली. असा धूर झाला अप्पा, घरातली सगळी शिंकत अंगणात आली."

"ठसा?"

"तो आधी गेला."

"पार गेला?"

"पार. राख बी मीच उकिरड्यावर टाकली."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठले, पागोटं बांधलं आणि दुकानाकडं गेले. थोड्याच वेळात पेठेतून त्यांचा आवाज यायला लागला. शिंदीच्या झाडांपासून सुरुवात केली होती. आईनं स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकलं आणि निवांतपणे भाकरी थापायला घेतली.