आधी तू फुंक

आमच्या केंद्राच्या दारात एक यंत्र असतं. पंज्याएवढं, पुढे प्लास्टिकची नळी. आत येणाऱ्यानं नळीत फुंकायचं, शून्य आलं की आत जाऊन चहा घ्यायचा. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं, पण कुणीतरी त्याला फुंकणी म्हणालं आणि तेच चिकटलं. फुंकणी माझ्या ताब्यात. दाराची किल्ली, चहाचं पातेलं आणि खुर्च्या गोल मांडणं हेही माझ्याकडेच. पगार मात्र एकाच कामाचा.

टायरच्या दुकानावरचा मजला आहे आमचा. जिना चढताना रबराचा वास येतो. दारू सोडणारी माणसं इथं सकाळी येतात, गोलात बसून बोलतात, डब्यातलं जेवतात, डॉक्टरांच्या गोळ्या घेतात आणि चार वाजता घरी जातात. भरती करून घेत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं सोपं असेल. डोंबल सोपं! दवाखान्यात कोंडलेल्या माणसाला दारू मिळतच नाही. आमच्या माणसाला रोज संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बाजारातून घरी जावं लागतं.

कंडक्टरबाई पहिल्या दिवशी आल्या त्या मुलगा-सुनेच्या मधे, पोलिसांनी आणल्यासारख्या. वय साठीच्या आसपास, आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा. मी फुंकणी पुढे केली. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी तू फुंक."

"मी इथं कामाला आहे, बाई."

"मीही कामालाच होते. सगळं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं. तपासनीस गाडीत चढला की आधी माझी पिशवी बघायचा, मग उतारूंची तिकिटं. आधी कंडक्टर, मग पब्लिक. फुंक."

मागे जिन्यात रांग खोळंबली. मला असा राग आला की विचारू नका. माझा सख्खा भाऊ या दारूनं गेला, मी थेंबाला शिवलेले नाही, आणि ही बाई मला फुंकायला सांगते! पण मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मी हट्टाला पेटून फुंकलं. शून्य. "शाबास," म्हणून त्यांनी स्वतः फुंकलं आणि मागून चढणाऱ्या आमच्या समुपदेशक सरांना अडवलं. "तुम्ही कुठे निघालात तसेच?"

तेव्हापासून आमच्याकडे रोज आधी मी फुंकते, मग सर, मग बाकीचे. मान खाली घालून फुंकणारी माणसं हळूहळू मान वर करून फुंकायला लागली. सरांनी नंतर त्यावर एका सभेत भाषणही केलं, बाईंचा उल्लेख न करता. असो.

बाईंनी केंद्राचं काय काय केलं ते सांगायला बसले तर चहा उतू जाईल. गोलात बसलं की प्रत्येकानं 'आज मला कशाची भीती वाटते' ते सांगायचं असतं. नवी माणसं अळीमिळी गुपचिळी करून बसतात. बाई मग टाळी वाजवायच्या, "बोला, बोला, पुढे सरका, मधे जागा आहे!" एक गवंडी होता, महिनाभर तोंड उघडलं नव्हतं त्यानं. बाईंनी त्याच्या खुर्चीवर चापट मारली. "कुठे उतरायचंय तेवढं तरी सांग, बाबा." तो बोलायला लागला आणि रडायलाही. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि रडू दिलं.

दुसरं म्हणजे रस्ता. आमच्या कोपऱ्यावर दारूचं दुकान आहे. सर सगळ्यांना मागच्या गल्लीतून यायला सांगतात, आणि बहुतेक तसेच येतात. बाई समोरूनच यायच्या, दुकानदाराच्या डोळ्यांत बघत.

"बाई, उगाच विषाची परीक्षा कशाला?" सर म्हणाले.

"माझा रूट आहे तो. त्या दुकानदारालाच गल्लीतून जाऊ दे की."

शेजारपाजारचे म्हणायचे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ते बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी खोड मी जिवंतपणी मोडणार. मरून मोडली तर बघायला मी कुठे असणार?"

हे सगळं दिवसाचं. संध्याकाळची बाई वेगळी होती. त्यांना घराची किल्ली नव्हती. चारला इथून निघून त्या आपल्याच दाराबाहेर पायरीवर बसून राहायच्या. सून एका दवाखान्यात रिसेप्शनवर, ती नातीला शाळेतून घेऊन आली की दार उघडायचं. त्याआधी ती सासूसमोर उभी राहून म्हणायची, "आई, हा करा." बाई तोंड उघडून हा करायच्या, सून वास घ्यायची, मग सगळ्या आत. रोज. शेजारीण दारात असली तरी.

सुनेला मी वाईट म्हणत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि तिचं तोंड चांगलंच पोळलं होतं. नात दोन वर्षांची असताना बाई तिला घेऊन बसनं निघाल्या होत्या, पोटात दारू होती. डेपो आला, जुन्या सवयीनं बाई उतरल्या आणि पोर सीटवर झोपलेलं तसंच राहिलं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला सापडलं. तेव्हापासून नात एक मिनिटही आजीजवळ एकटी नव्हती.

आणि बाईंना तेच हवं होतं. दुसरं काही नाही. शाळा सुटल्यावर नातीला घरी आणायचं, बोट धरून, आपण एकटीनं. शाळा आमच्याच रस्त्याला, कोपऱ्यापलीकडे. शनिवारी घरच्यांची बैठक असते, तिथं सुनेनं कबूल केलं होतं की हा महिना नीट गेला तर बघू. मुलगा म्हणाला, "बघू." तो सगळ्यालाच बघू म्हणायचा.

महिना संपत आला आणि पेपरमिंट आडवं आलं.

आमच्या केंद्रात पेपरमिंट, लवंग, वेलची, बडीशेप काही चालत नाही. चहासुद्धा बिनवेलचीचा. पिणाऱ्यांनी आयुष्यभर वास मारायला हेच चघळलेलं असतं, त्यामुळे घरच्यांना दारूपेक्षा त्याचीच जास्त धास्ती. दारूचा वास आला तर निदान काय झालं ते कळतं. पेपरमिंटचा आला तर माणूस लपवतंय. बाईंच्या तिकिटांच्या पिशवीत कायम पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. सून लग्न होऊन आली ती त्या वासातच.

शुक्रवारी बाई स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या हातातली किसणी काढून घेऊन आलं किसायला लागल्या. बोटं सोलून निघतील असं किसत होत्या. मी विचारलं तेव्हा सांगितलं. काल नातीच्या वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, गोळ्या वाटल्या. पोरीनं आपली गोळी फ्रॉकच्या खिशात आजीसाठी राखून ठेवली. आई पिशव्या घेऊन मागून जिना चढत होती, ही पुढे धावत आली आणि गोळी आजीच्या तोंडात कोंबली. "खा लवकर, आई ओरडेल."

"मग थुंकायची ना!" मी म्हटलं.

"थुंकू? सहा वर्षांच्या पोरीनं दिवसभर न खाता ठेवलेली गोळी? तिच्यासमोर?"

"मग सुनेला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? पोरीला विचारलं असतं, आजी खरं बोलते का गं. माझ्या खरेपणाची साक्ष त्या पोरीनं द्यायची? मी नाही तिला पिंजऱ्यात उभी करणार. आणि तूही तोंड उघडायचं नाहीस, सांगून ठेवते."

मी तोंड मिटलं. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

शनिवारी बैठकीत सुनेनं आवाज न चढवता सांगितलं. "गुरुवारी आईंच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. मी विचारलं, त्या गप्प बसल्या. शाळेचं आता रद्द."

सर बाईंकडे वळले. "बाई, काही सांगायचंय?"

"प्यायले नाही."

"मग पेपरमिंट?"

"खाल्लं."

मी तोंड उघडणारच होते, हातातल्या कपांच्या ट्रेसकट पुढे सरकले. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो खालीच ठेवला.

सर भले माणूस आहेत. त्यांनी तोडगा काढला. "असं करू. बाई रोज चारला जाताना इथं परत फुंकतील, मी चिठ्ठी लिहून देईन, ती घरी दाखवायची. म्हणजे कुणाच्या मनात किंतू नको."

सून लगेच म्हणाली, "चालेल." मुलगा म्हणाला, "बघू."

"मला नाही चालणार," बाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. गाडीत उभं राहायची सवय, बसून भांडता यायचं नाही त्यांना. "इथं मी रोज फुंकते. का? तर इथं सगळे फुंकतात. ही दारवाली फुंकते, सर फुंकतात, गवंडी फुंकतो. घरी मी एकटी तोंड उघडते, तेही पायरीवर, जनावराचे दात बघावेत तशी. चिठ्ठी दाखवून सुटले, तर जन्मभर चिठ्ठीच दाखवत बसेन. घरी मी एकटी फुंकणार नाही. शाळा नको तर नको."

सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, दाराजवळच्या टेबलावरून फुंकणी उचलली, नवी नळी लावली आणि फुंकली. रागानं फुंकली. शून्य. मग तिनं ती नवऱ्यापुढे धरली.

"मी? मी कशाला?" मुलगा म्हणाला. "मी कधी घेतो का?"

"फुंका."

"अगं, सगळ्यांसमोर..."

"फुंका म्हटलं ना."

त्यानं फुंकलं. शून्यच आलं, येणारच होतं, तो सुपारीलासुद्धा शिवत नाही. पण त्याची कानशिलं लालभडक झाली. खाली बसताना तो पुटपुटला, "काहीच केलेलं नसताना कसंतरीच वाटतं हो."

"बघ," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण 'बघू' म्हणणाऱ्याला ते पुरलं.

सून मात्र खाली बसली नाही. फुंकणी तिच्या हातातच होती. "मग मी ओळखायचं कसं?" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "सांगा ना, आई. ती बसमध्ये राहिली होती, तेव्हा मी शेवटच्या थांब्यापर्यंत अनवाणी धावत गेले होते. अजून बस दिसली की मी आधी पोरीचा हात पकडते. वास घ्यायचा नाही तर मी कशावर विसंबू?"

मला वाटलं आता बाई पेपरमिंटचं सांगतील. नाही सांगितलं. त्या सुनेच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विसरले होते मी तिला," त्या म्हणाल्या. "त्याची माफी मी मागत नाही, कारण ती देता येण्यासारखी नाही. तू घाबर. मी तुला घाबरू नको म्हणतच नाही. घाबरत घाबरत पाठव. मीही घाबरत घाबरतच जाईन."

सुनेनं फुंकणी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला न घेताच जिना उतरून गेली. बाई खुर्च्या आवरायला लागल्या. खुर्च्या आवरणं माझं काम, पण त्या दिवशी मी त्यांना आवरू दिलं.

सोमवारी दुपारी केंद्रातला फोन वाजला. सून होती. "आईंना सांगाल का, आज मला उशीर होणार आहे. शाळा साडेचारला सुटते." मी 'हो' म्हणेपर्यंत तिनं ठेवूनही दिला.

मी निरोप सांगितला. बाईंनी पदर नीट केला, केस नीट केले, पुन्हा पदर नीट केला. चार वाजता त्या जिना उतरल्या. मी खिडकीतच उभी राहिले, पातेलं तसंच टाकून.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यावर दोघी दिसल्या. दप्तर आजीच्या खांद्यावर, बोट आजीच्या मुठीत. दारूच्या दुकानासमोरूनच आल्या, मागच्या गल्लीचा प्रश्नच नव्हता. बरोबर दुकानासमोर पोर थांबली, खिशात हात घातला आणि आजीपुढे काहीतरी धरलं. बाई खाली वाकल्या आणि भर रस्त्यात त्यांनी आ केला. पोरीनं गोळी तोंडात टाकली.

मी कपाळावर हात मारून घेतला. बाई, आज तरी! आजच्या दिवशी तरी!

रात्रभर मला नीट झोप नव्हती. सकाळी सगळ्यात आधी बाई आल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "उशीर कसला, दार सुनेनंच उघडलं. मी पायरीवर उभी राहिले, तोंडाला घमघमाट. लपवलं नाही आणि हा पण केला नाही. तेवढ्यात पोर मधे घुसली. आईला म्हणाली, आज वर्गात खूप गोळ्या मिळाल्या, तुलापण घे. त्या दिवशी एकच होती, ती मी आजीला दिली होती."

"मग?"

"मग काय. सून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आई, तुम्ही बोलला का नाहीत? मी म्हटलं, तू आधी वास घेतलास, मग विचारलंस. तिनं गोळी तोंडात टाकली आणि कडाकडा चावून खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं. मुलगा आला त्यालाही पोरीनं एक कोंबली. आता घरात सगळ्यांच्याच तोंडाला पेपरमिंट. घ्या म्हणावं, कुणाचा घ्यायचाय तो वास."

बोलता बोलता त्यांनी माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. पांढरी गोळी, कागदात गुंडाळलेली. "नातीनं दारवालीसाठी पाठवलीय."

केंद्रात पेपरमिंटला बंदी आहे. तो नियम भिंतीवर लावला आहे आणि लावणारी मीच आहे. मी कागद सोडवला, गोळी तोंडात टाकली आणि फुंकणी घेऊन दारात बसले.

सर जिना चढून आले. जवळ येताच थबकले, नाक वर केलं, भुवया वर केल्या.

"मी फुंकलंय," मी म्हटलं. "शून्य आहे. आता तुम्ही."