बोडीचा रस्ता

दंडारीच्या खेळात बकाराम नुसता येऊन उभा राहिला तरी बाया तोंडात पदर कोंबायच्या. चिचगडच्या आसपास दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की त्याची ती एकच नक्कल: सासुरवाडीचा रस्ता विसरलेला जावई. तो ज्याला त्याला रस्ता विचारायचा, लोक मुद्दाम भलतीकडे हात करायचे आणि हा तिकडे पळत सुटायचा.

सत्तावन्न सालच्या धानकापणीत त्याला पहिला झटका आला, होळीच्या सुमारास दुसरा. तोंड जरा वाकडं झालं, नावं निसटू लागली. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूला रक्त नीट पोचत नाही, हे वाढत जाईल. माणूस आतून खचत जाईल, हे मात्र तो बोलला नाही. ते बकारामच्या बायकोला, रुख्माला, ताटात तशाच राहिलेल्या भातावरून कळलं. बकाराम भिंतीकडे तोंड करून बसायचा, मधेच रडायचा. आणि आमचं गाव असं दीडशहाणं, की तो रडला तरी हसून दाद द्यायचं.

एका संध्याकाळी त्याचं डोकं अगदी साफ होतं. त्यानं तिला नावानं हाक मारली.

"रुख्मा, मी सरून राहिलो. पुरा सरण्याच्या आधी बोडीत जातो."

बोडी म्हणजे गावाबाहेरचं तळं. रात्रभर रुख्मानं त्याचं धोतर मुठीत धरून ठेवलं. सकाळी गाय सुटली म्हणून ती मागे गेली, परत आली तर खाट रिकामी.

ती थेट बोडीवर धावली. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. ती काठावरच्या चिखलात त्याच्या पावलांच्या खुणा शोधू लागली. एवढ्यात चौकातून हसण्याचा गलका ऐकू आला.

बकाराम चौकात बोडीचा रस्ता विचारत होता. लोक खूश, किती दिवसांनी नक्कल! शेजारचा सेवकराम देवळाकडे हात करत होता, बाकीचे शाळेकडे. बकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रुख्मा दिसताच तो तिच्याकडे आला.

"माय, बोडीचा रस्ता कोनता वं?"

"घरावरून जाते. पयले जेवून घ्या."

घरी दोन घास खाल्ले आणि तो बोडी विसरला. ज्या विसरण्याला ती शिव्या घालायची, त्यानंच त्याला वाचवलं होतं.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. सकाळी उठून त्यानं "कोन वं तू?" विचारलं, की रुख्मा निवांत चूल पेटवायला जायची. ज्या सकाळी तो तिला नावानं हाक मारी, त्या दिवशी ती उंबरठ्यावरून उठत नसे.