तीन रॅक आणि माझी सलवार

रोप चॅनलमधून उचललं तेव्हा मूळ काळं दिसलं. आमच्या हॉलमध्ये एलईडीचा गुलाबी-जांभळा उजेड असतो. त्यात कुठलाच रंग खरा दिसत नाही. मी रोप ओढणीखाली धरून वॉशरूममध्ये नेलं, कडी लावली आणि साध्या ट्यूबखाली पाहिलं. मूळ तपकिरी होतं. बोटांनी ओढलं तर वरची साल निघून आली आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरलं. बुळबुळीत. डबक्याचा वास.

मुळकूज. अशा शेतीत यापेक्षा वाईट शब्द नाही.

आमची फार्म बालाघाटमध्ये, धानाच्या जुन्या गोदामात आहे. माती नाही, ऊन नाही. लोखंडी रॅकवर एकावर एक पाच मजले, प्रत्येक मजल्यावर उतरते पाइप, त्यांना आम्ही चॅनल म्हणतो. पाइपच्या तळातून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो. त्यात खत विरघळवलेलं असतं. मुळांचं टोक पाण्यात, बाकीचं मूळ हवेत. शेवटच्या भोकातून पाणी टाकीत पडतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. बाराही रॅकना टाकी एकच. म्हणजे पाण्यात रोग शिरला तर सगळीकडे जाणार.

प्रशांत सर, आमचे मालक, सुरुवातीलाच म्हणाले होते, "रूट रॉट आला ना, तर मी पूरा हॉल खाली करून टाळा लावीन. दुसऱ्यांदा सुरू करायची हिंमत नाही माझ्यात." आणि शुक्रवारी नागपूरच्या एका हॉटेलचे लोक लेट्यूस पाहायला येणार होते. आमची पहिली मोठी ऑर्डर. मी ते मूळ पाहिलं तो बुधवार होता.

पण मला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने.

मी इथली सुपरवायझर. दारावरची सूचना मी स्वतः लिहिली आहे. बाहेरची चप्पल बाहेर. शेतातून येणाऱ्यांनी अंघोळ करून, कपडे बदलून यावं. रोवण्याचे, म्हणजे धान लावायचे दिवस होते. आमच्याकडच्या बाया बांधीतून, धानाच्या चिखलातून येतात आणि तो रोग चिखलातूनच येतो. म्हणून मी दारात उभी राहून त्यांच्या पायांकडे बघायचे. आणि रविवारी मी रामपायलीला मामाकडे गेले होते. हौस म्हणून अर्धा तास रोवणा केला. सोमवारी उशीर झाला, तिथूनच थेट कामावर आले. चप्पल बदलली. दुपारी लक्षात आलं, सलवारच्या काठाला चिखल वाळला होता.

मी रोप कागदात गुंडाळून पर्समध्ये लपवलं.

"ऑल ओके?" सरांनी विचारलं.

"हो सर."

गुरुवारी सकाळी चार, पाच आणि सहा नंबरच्या रॅकवर पानं मान टाकून होती. मुळं पाण्यात असताना रोप तहानेने कोमेजल्यासारखं दिसणं फार भीतिदायक असतं. मी बायांकडे पाहणं टाळत होते. यशोदाकाकू त्या तीन रॅक सांभाळतात. त्या राजेगावहून बसने येतात, वयाने माझ्या आईएवढ्या. त्या माझ्याकडे दोनदा आल्या. दोन्ही वेळा मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

मग टाकीत टीडीएस मीटर घालायला गेले. त्याने पाण्यातलं खत मोजतात. टाकी नेहमीपेक्षा बरीच खाली होती. फरशी कोरडी, गळती कुठेच नाही. मग पाणी होतं कुठे?

मी चार नंबरच्या रॅकवरच्या एका चॅनलचं झाकण काढलं. पापुद्रा असायला हवा तिथे बोटाची दोन पेरं बुडतील इतकं पाणी साचलं होतं. शेवटच्या भोकात बी रुजवायच्या स्पंजचा तुकडा कोंबलेला. पाचमध्ये तसंच. सहामध्ये तसंच. सात नंबर मोकळा होता आणि त्याची मुळं पांढरी होती. टाकी एक असूनही.

"काकू, हे कोणी लावलं?"

"मीनंच लावलं जी." त्या बिनधास्त म्हणाल्या.

"काहून?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"सोमवारी लाईन नव्हती का गेली? तुमचं जनरेटर चालू होऊन नाही राह्यलं. पानी सारं निंगून गेलं, मुळं उघडी पडली. मले त पाहवलं नाही. बांधीतलं पानी असं निंगून जाते, त आमी पाहत बसतो का? धुऱ्याले भोक पडलं त माती लावतो. इथं माती कुठून आनू? म्हनून स्पंज. अर्धाच लावला, पुरा नाही."

धानाचं मूळ उभ्या पाण्यात जगतं. लेट्यूसचं गुदमरून कुजतं. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पाय बघत होते फक्त.

"मला सांगायचं ना, काकू."

"सांगाले आलती ना! दोनदा आलती. तुमी त तोंड लपवून राह्यल्या होत्या. मले वाटलं, घरी काही झालं असन, नाही त लग्नाचं जमून राह्यलं."

मागे दोन बाया फिसकन हसल्या.

स्पंज काढले. त्यानंतर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. स्पंजचं सांगितलं, पर्समधलं रोप टेबलावर ठेवलं आणि सलवारचंही सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पंख्याचं बटण बंद करावं लागलं.

त्यांनी ते मूळ बोटांनी ओढून पाहिलं.

"काकूंनी चूक केली, पण कोणी विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. तुम्ही बुधवारीच बोलल्या असत्या तर?"

"रोपं वाचली असती, सर."

"जाओ, रॅक खाली करा."

तिन्ही रॅकवरची रोपं उपटून पोत्यांत भरली. बाकीच्या नऊ रॅकची मुळं यशोदाकाकूंनी आणि मी एकेक करून पांढऱ्या टॉर्चखाली पाहिली. सगळी स्वच्छ होती. शुक्रवारी हॉटेलवाले आले, रिकाम्या रॅकबद्दल त्यांनी विचारलं आणि सरांनी खरं ते सांगितलं. ऑर्डर मिळाली, ठरली होती त्यापेक्षा लहान.

माझ्या चिखलाने काही झालं नव्हतं. ते माझं नशीब, शहाणपण नाही. आता दारात माझे पाय यशोदाकाकू बघतात. आणि कोमेजलेलं पान दिसलं की मी पहिलं काम करते ते सगळ्यांना हाक मारायचं.