दहा सेकंदांचा नियम

सोलापुरातल्या एका कॉल सेंटरच्या सर्व्हरची मी राणी होते. निदान स्वतःला तसं समजायचे. पन्नाशीला टेकलेली बाई, गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यात हवा. फ्रीज-वॉशिंग मशीनच्या तक्रारींचे फोन यायचे. कुठला कुणाकडे जाईल, किती थांबेल, कधी तुटेल, ते माझ्या स्क्रीनवर ठरायचं. देवानंतर मीच! आज ती बाई भेटली तर कान पिरगाळीन तिचा.

मोबाइल दारातल्या लॉकरमध्ये ठेवावा लागे. साहेबांच्या टेबलावरच्या फोनवर घरच्या कुणाचा फोन आला की मला लाज वाटायची. त्यात मैंदर्गीची माझी अव्वा, म्हणजे आई, शेतातून हाक मारल्यासारखी बोलणार, तेही अर्धं कानडीत. म्हणून मी शहाणीने तक्रारीच्या नंबरातच एक चोरवाट केली: नऊ दाबलं की फोन थेट माझ्या टेबलावर. गावी जाऊन तिला शिकवलंही.

"बटन दाबलं की फोन मरतो की," अव्वा म्हणाली.

"ते लाल बटण गं. तू नऊ दाब."

"मग कोन येनार?"

"मी."

"आन् आदी बडबडती ती कोन?"

"मशीन आहे, अव्वा."

"तुज्या हापिसात मानसं कमी हायती व्हय?"

मी हसले. भिंतीवर खडूने नंबर लिहून परतले.

उन्हाळ्यात फोन वाढले, रांग लांबली. लाइनी मोजक्या, आणि काही फोन नुसतेच गप्प राहून त्या अडवायचे. मी नियम घातला: दहा सेकंदांत बटण दाबलं नाही, तर फोन तोडायचा. डिस्क भरू नये म्हणून रेकॉर्डिंगही माणसाने फोन घेतल्यावरच सुरू. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी दोन दिवस जमिनीवर पाय ठेवला नाही.

त्याच महिन्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला, तर गावच्या शेजारणीचे फोनावर फोन. अव्वा गेली होती. "सकाळपास्नं तुलाच फोन लावत हुती की," शेजारीण रडत म्हणाली.

दिवसकार्य उरकून कामावर आले आणि त्या सकाळची नोंद उघडली. अव्वाचा नंबर सात वेळा. प्रत्येकापुढे दहा सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात 'ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही'.

बटणाला ती भ्यायची. फोन लावून गप्प बसायची, पलीकडच्याने "कोण?" म्हटल्यावरच बोलायची. तिला यंत्र शिकवायला निघालेल्या मला एवढं साधं सुचू नये? आवाज कुठेच नव्हता. तो ठेवायचा नाही, हे मीच ठरवलेलं. छातीत कळ आली होती, की नुसतं लेकीशी बोलायचं होतं, आजही मला ठाऊक नाही.

मी नियम काढून टाकला. गप्प राहणारा फोन माणसाकडे जाईल, असं केलं.

"मॅडम, रांग परत वाढली," साहेब म्हणाले.

"वाढू दे, सर."

एका सकाळी फोनवरच्या पोरीने हात वर केला. "मॅडम, पलीकडे कुणी बोलतच नाही. तोडू?"

"नको. तूच विचार, कोण बोलतंय."

तिने विचारलं. पलीकडे एक म्हातारी खाकरली. तिच्या फ्रीजमध्ये बर्फ धरत नव्हता. पोरीने शांतपणे सगळं लिहून घेतलं. म्हातारीने आपणहून फोन ठेवेपर्यंत मी त्या खुर्चीमागून हलले नाही.