सायडर म्हणजे सिरका

अब्बास मुकादम यांच्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो कमी आणि बिस्किटांच्या पुड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो जास्त. दोहातली निम्मी कोकणी मुसलमान कुटुंबं दुकानात काही नवीन दिसलं की पाकिटाची पाठ टिपून त्यांना पाठवतात आणि उत्तराची वाट बघत तिथेच ट्रॉली धरून उभी राहतात. उत्तर दोनच प्रकारचं येतं, ‘चालेल’ किंवा ‘नको’. बावीस वर्षांत तिसरं उत्तर कोणी ऐकलेलं नव्हतं.

माणूस बाणकोटकडचा, बारावी पास. इथे आला तो गोदामात खोकी उचलायला, आणि आता आमच्या आयात कंपनीत लेबलं तपासतो. परदेशातून आलेल्या प्रत्येक मालावर अरबी स्टिकर लागतो. तो मूळ लेबलाशी अक्षर न् अक्षर जुळतो की नाही, हे बघणं त्यांचं काम. जिलेटिन कुठल्या जनावराचं, केकमधला ‘फ्लेवर’ कशात विरघळवलाय, पाकिटावरचा कुठला ई-नंबर म्हणजे कुठला पदार्थ, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा एका चॉकलेटमध्ये रमचा अर्क सापडला म्हणून त्यांनी अख्खा कंटेनर अडवला होता आणि आमचे साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. अब्बासभाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या नाकाला चष्मा आणि डोक्याला टोपी एकदा बसली की ते कोणाचं ऐकत नाहीत.

मी जयमाला, इस्लामपूरची. त्याच कंपनीत, दोहातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात मार्केटिंग बघते. तुमच्या टेबलावरचा ज्यूस ‘डोंगरउतारावरच्या सोनेरी उन्हात’ पिकलेला असतो ना, तो मी पिकवलेला असतो. या कामाची लाज वाटावी असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे बॅलीरोन आलं. आयर्लंडचं सफरचंदाचं पेय, शून्य टक्के अल्कोहोल, हिरवी बाटली. तिथल्या कंपनीने ब्रँडचा इतिहास म्हणून चाळीस पानी पुस्तिका पाठवली. कथा मोठी छान होती. १९३६ साली एका छोट्या गावात एका बागायतदाराने सफरचंदाची दारू बनवायला घेतली. तिला ते लोक सायडर म्हणतात. पुढे तिची पत घसरली. शेताच्या बांधावर बसून स्वस्तात झिंगणाऱ्या पोरांचं पेय, अशी तिची बदनामी झाली. मग कोणा डोकेबाज माणसाने सांगितलं की बाटली मोठी करा, ग्लास उंच द्या आणि तो काठोकाठ बर्फाने भरा. टीव्हीवर ऊन, बाग, बर्फावर ओतली जाणारी सोनेरी धार. बस्स. दोन उन्हाळ्यांत तेच पेय भल्या घरच्या लोकांच्या हातात दिसायला लागलं. आत तेच होतं, भोवतीची गोष्ट बदलली. आमच्या धंद्यात अशा माणसाला आम्ही हात जोडतो.

मला या चाळीस पानांची चार पानं करायची होती. दारूचा उल्लेख चालणार नाही, हे साहेबांनी बजावलंच होतं. मी पब काढला, पोरं काढली, पिंप काढलं, झिंग काढली. उरलं काय, तर बाग, घराणं, बर्फ आणि एक ओळ: ‘१९३६पासून सायडर बनवणारं घराणं.’ ही ओळ आयरिश कंपनीला हवीच होती. मी म्हटलं, राहू दे, कोणाला कळतंय.

अब्बासभाईंच्या हातात माझी चार पानं गेली. त्यांनी लेबल वाचलं, प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचला, सगळीकडे शून्य. मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, “जयमालाताई, हे सायडर म्हणजे ते आपलंच ना? अ‍ॅपल सायडर?”

मी फोनवर होते. मी मान हलवली आणि म्हटलं, “हो हो, अ‍ॅपलचंच.”

आता ‘आपलं’ म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. अब्बासभाईंच्या बायकोला, तय्यबाभाभींना, शुगर आहे. त्या रोज सकाळी कोमट पाण्यात एक चमचा अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घेतात. त्यांचं बघून त्यांच्या बिन महमूद भागातल्या अर्ध्या कोकणी बायका घेतात. अब्बासभाईंनी त्या व्हिनेगरच्या हजारो बाटल्यांवरचे स्टिकर तपासले होते. बारची पायरी ते कधी चढले नव्हते. सायडर हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त व्हिनेगरच्या शेजारी पाहिला होता. व्हिनेगरला ते सिरका म्हणतात. त्यामुळे त्यांच्या हिशेबी सायडर म्हणजे सिरका, आणि सायडर बनवणारं घराणं म्हणजे नव्वद वर्षं सिरका करणारी माणसं. सिरका तर त्यांच्यात बरकतीचा.

रमजानात कोकणी मंडळींचा एकत्र इफ्तार असतो. मलाही बोलावणं असतं आणि मी सांदणांच्या लोभाने कधी चुकवत नाही. त्या दिवशी खजुरांच्या थाळ्यांशेजारी उंच ग्लास ओळीने मांडलेले, बर्फाने भरलेले. अब्बासभाई स्वतः ओतत होते. खलील म्हणून त्यांचे गाववाले आहेत, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात, स्वभावाने काटेकोर आणि तोंडाने फटकळ. त्यांनी विचारलं, हे काय नवीन? अब्बासभाई कौतुकाने म्हणाले, आयर्लंडचं जुनं सिरक्याचं घराणं आहे, तेच आता सरबत करायला लागलेत, मी स्वतः कागद वाचलेत. खलीलभाईंनी एका दमात ग्लास संपवला आणि दुसरा घेतला.

मी ते ऐकलं. सिरका हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी मला काय विचारलं होतं, ते माझ्या लख्ख ध्यानात आलं. मी सांदण खात राहिले. बाटलीत दारू नाही ना, मग कशाला त्या भरल्या पंगतीत खडा टाकायचा, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. नंतरही तीन आठवडे मी गप्प बसले.

फोडलं ते त्यांच्या मुलीने. नूरैन इथेच कॉलेजात मार्केटिंग शिकते, तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. तिच्या वर्गात बर्फाच्या त्या जाहिरातीचा धडा होता. तिने घरी येऊन बापाला सहज सांगितलं, की तुमच्या बॅलीरोनचा धडा आहे आम्हाला, ते आधी दारूच करायचे, अजूनही करतात, आणि ही शून्यवालीसुद्धा आधी दारू करून मग तिच्यातून अल्कोहोल काढून बनते. तिला वाटलं, बाबांना ठाऊकच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बासभाई माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी पूर्ण पुस्तिका मागितली. चाळीसच्या चाळीस पानं त्यांनी माझ्यासमोर बसून वाचली, बोट ठेवून, जशी लेबलं वाचतात तशी. मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेवटी मीच म्हणाले की रिपोर्टात शून्य आहे, कित्येक जाणकार हे चालतं म्हणतात, तुम्ही काही चूक केलेली नाही.

“कोण काय म्हणतं तो पुढचा प्रश्न,” ते म्हणाले. “मी लोकांना सिरका सांगितला, ताई. ते माझ्या तोंडाकडे बघून प्याले.”

मग मी सांगून टाकलं, की इफ्तारला मी ऐकलं होतं आणि गप्प बसले होते.  रागावले असते तर बरं झालं असतं. “विचारताना तुम्ही फोन ठेवेपर्यंत मीच थांबायला हवं होतं,” ते म्हणाले. पुस्तिका माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली आणि गेले. त्या दिवशी मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

कोणाला काही कळलं नसतं. नूरैनने तर त्यांना शपथेवर सांगितलं की ती बोलणार नाही. पण शुक्रवारी नमाजनंतर सगळे खलीलभाईंच्या फ्लॅटवर जमले, तेव्हा अब्बासभाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. सायडर म्हणजे काय, ती बाटली कशी बनते, आपण काय समजलो आणि कागद कसा अर्धाच वाचला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हे सगळं मला नूरैननेच सांगितलं. कोणी म्हणालं, न कळत झालं, अल्ला माफ करणारा आहे. कोणी म्हणालं, शून्य म्हणजे शून्य, उगाच डोक्याला ताप. खलीलभाई मात्र उठून म्हणाले, की रोजा सोडतानाचा पहिला घोट तुझ्या हातून प्यालो आम्ही, अब्बास. आणि स्वयंपाकघरात निघून गेले. आपल्याच घरात ते जाणार कुठे?

त्यानंतर फोन बंद पडल्यासारखा झाला. एक दिवस, आठवडा, महिना. पाकिटाचा एक फोटो नाही. ऑफिसात ते नेहमीसारखे काम करत, पण जेवणाच्या सुट्टीत फोन उलटा करून ठेवत, म्हणजे तो गप्प आहे हे दिसायला नको. तय्यबाभाभी मला म्हणाल्या, की यांना नोकरी गेली असती तरी इतकं लागलं नसतं. माझंही अन्न गोड लागेना. मी साहेबांकडे जाऊन ती सायडरची ओळ बदलून घेतली. आता तिथे स्पष्ट लिहिलंय की हे पेय सायडरमधून अल्कोहोल काढून बनवतात. विक्री पडली, साहेब चिडले. चिडू देत.

मे महिन्यात आम्ही दोघं बिन महमूदमधल्या एका सुपरमार्केटात आमच्या मालाची मांडणी बघायला गेलो होतो. मी शेल्फचे फोटो काढत होते, अब्बासभाई स्टिकर बघत होते. ट्रॉली ढकलत खलीलभाई आले. मला वाटलं, वळून जातील. ते थांबले. सलाम झाला, जेवढ्यास तेवढा. मग त्यांनी ट्रॉलीतून कुठल्याशा कोरियन नूडल्सचं पाकीट काढलं आणि अब्बासभाईंपुढे धरलं.

“वाच जरा.”

अब्बासभाईंनी चष्मा पुसला. स्टिकर वाचला, मग त्याच्या कडेने डोकावणारं मूळ लेबल वाचलं, मग पाकीट उलटं करून पुन्हा पहिल्यापासून. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं वाट मिळायची वाट बघत होती. मी मनात म्हणत होते, काहीतरी बोला, चालेल म्हणा, नाहीतर नको म्हणा.

“मना म्हायत नाय,” अब्बासभाई म्हणाले.



“बरा,” खलीलभाई म्हणाले, “मंग नको,” आणि पाकीट पुन्हा शेल्फवर ठेवून ट्रॉलीतलं दुसरं पाकीट काढून अब्बासभाईंच्या हातात दिलं.