निरोप घरी दिला होता

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग होती आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्यांनी फोनसाठी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते, फोन आला तेव्हा कॉलेजात. मग जो तो तोच नंबर देत सुटला, पुढे पी.पी. लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. काकू गॅलरीच्या गजावर लाटणं आपटायच्या आणि ओरडायच्या, "फोन आलाय गं!" माणूस घरी नसेल तर घरात जो असेल त्याला निरोप सांगायचा. निरोप घरी दिला की झालं काम. यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा काकूंच्या मुलीने कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं. ती माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा आणि एकदम गप्प व्हायचा. "लागलं!" म्हणून ती टाळी द्यायची. इंटरनेट लागलं की फोन बंद, म्हणून काकू स्वयंपाकघरातून करवादायच्या. एखादं चित्र वरून खाली उतरेपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा. पण जगातून कुठूनही पत्र इथे येऊ शकतं, या एका गोष्टीने मला वेड लावलं होतं.

कारण मला इथून निघायचं होतं. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करत होते. कितीही शिकेकाई लावा, केसांचा तो वास जायचा नाही. पुण्याच्या एका औषध कंपनीची जाहिरात पाहिली, माझ्या शिक्षणाला अगदी चपखल. अर्जात ई-मेलचा पत्ता मागितला होता. मी मैत्रिणीचा दिला आणि सवयीने पुढे कंसात लिहिलं, पी.पी. हसू नका! तळमजल्यावरच्या आजोबांनी दुबईच्या मुलाला तोच पत्ता कळवला होता. बिल्डिंगचा फोन एक, तसं बिल्डिंगचं ई-मेल एक. आमची अक्कल तेवढीच चालली.

रोज कामावरून आले की चप्पल न काढता वर जायचे.

"काही आलं का गं?"

"नाही गं बाई. आलं की लाटणं आपटते ना."

ती हसायची, मीही हसायचे. खाली आई विचारायची, "नाही ना आलं? जाऊ दे, त्यांचंच नशीब फुटकं." मला बरं वाटायचं. आईने माझ्यासाठी शिवमंदिरात सोमवार धरलेत, असं मी मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं होतं.

शेवटी मला राहवेना. स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तिकडच्या बाई जरा वैतागूनच बोलल्या, "अहो, आम्ही मुलाखतीला बोलावलं होतं. तुम्हीच ई-मेलने कळवलंत ना, लग्न ठरलंय, येणार नाही म्हणून?"

लग्न? कुणाचं लग्न?

जिना कशी चढले आठवत नाही. मैत्रीण मला बघूनच उभी राहिली. "तू कामावर होतीस. मी निरोप घरी दिला, तुझ्या आईला. त्या म्हणाल्या, येणार नाही असं कळव. कारण काय लिहू विचारलं, तर त्यांनीच सांगितलं."

"आणि मी रोज विचारत होते तेव्हा?"

"त्यांनी शपथ घातली होती गं."

शपथ! इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, आणि ही बया रोज माझ्या तोंडावर हसत होती. मी तिला नाही नाही ते बोलले. काकू मध्ये पडल्या, त्यांनाही बोलले.

खाली आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "एकटी पोरगी परक्या गावात कुठे राहणार होतीस? इथे काय वाईट चाललंय?" मी म्हटलं, "मला विचारायचं तरी!" ती म्हणाली, "विचारलं असतं तर तू गेली असतीस." आणि ती मेथी निवडत राहिली. मला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

माझ्या नावाने जगात गेलेलं पहिलं ई-मेल ते. मी ते लिहिलं नव्हतं आणि वाचलंही नाही.

पुढच्या रविवारी मी उल्हासनगरला गेले. तिथे एका सिंधी काकांनी कपड्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर सायबर कॅफे काढला होता. त्यांनी मला माझं स्वतःचं ई-मेल उघडून दिलं आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवून उभे राहिले. "बेटी, ये किसी को नहीं बताने का. मम्मी को भी नहीं." त्यांना काय माहीत! मी पुण्याला लिहिलं की माझं लग्न ठरलेलं नाही, ते पत्र माझं नव्हतं, मला अजून यायचं आहे.

उत्तर बघायला पुन्हा गेले. दोन ओळींचं होतं. जागा भरली होती, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या.

घरी आले. आई दारातच होती, बहुतेक माझीच वाट बघत. कुठे गेले होते ते तिला कळलं असणार. तिने हळूच विचारलं, "काही आलं का गं?"

"आलं," मी म्हटलं. "पण ते माझ्यासाठी होतं."

काय आलं ते मी तिला सांगितलं नाही. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.