निकालाचा चौकोन

उज्ज्वला राठोड आली होती प्रिंटर पाहायला, आणि पाहून बसली भलतंच.

मारेगावकडच्या या जिनिंगमधला कापूस तपासायचा प्रोग्राम तिनंच यवतमाळला बसून लिहिलेला. पडद्यावर दोन चौकोन. एकात कापसाचा ओलावा, दुसऱ्यात निकाल. ओलावा बारा टक्क्यांच्या आत असला की पास, नाहीतर नापास.

खिडकीशी पंचफुलाबाई उभी होती. सकाळी तिच्या कापसाचा ओलावा चौदा भरला. इथं ओला कापूस लगेच घरी धाडत नाहीत. आवारातच ताडपत्रीवर वाळवायचा आणि त्याच पावतीवर पुन्हा मोजायचा. बाईनं दिवसभर उन्हात तो खालीवर केला. ऑपरेटर देवीलालनं नवा आकडा टाकला, साडेदहा. शेजारी मात्र नापास ते नापासच.

"आकडा कमी झाला नं भाऊ, मंग नापास काहून?"

"कम्प्युटर सांगून राह्यला, मावशी. मी काय करू? पाचले गेट बंद, अन् आज हमीभावाच्या खरेदीचा शेवटचा दिवस."

उज्ज्वलाला चूक लगेच कळली. ओलावा बदलला की निकालाच्या चौकोनाला तसं कळवावं लागतं. कळवायची ती एक ओळ ती लिहायची विसरली होती. तपासताना दर वेळी नवी पावती काढली, जुन्या पावतीवर आकडा बदलून बघायचं डोक्यातच आलं नाही. शी! तांड्यावर वाढलेली पोर, ताडपत्रीवरचा कापूस काय तिनं पाहिला नव्हता?

"मॅडम, पावती बंद करून उघडली का बरोबर येते," देवीलाल हळूच म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"महिना झाला. आपल्या माणसाईले देतो तसं करून." वर हसला मेला!

त्या हसण्याची तिला किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली. लबाडी त्याची, पण वाट तर हिनंच करून दिली होती.

"ऊठ खुर्चीवरून!" ती ओरडली. लॅपटॉप जोडून तिनं ओळ घातली, प्रोग्राम नव्यानं चढवला आणि आकडा टाकला. पास.

पंचफुलाबाई काही खूश दिसेना. "पोरी, काल कौसल्या रडत वापस गेली. तिचा बी असाच वाळला होता."

साडेचार झाले होते. उज्ज्वलानं कौसल्याबाईच्या पावतीवरचा नंबर फिरवला. लवकर कापूस घेऊन या, चूक माझी होती, तुमचा पास आहे, असं एका दमात सांगून टाकलं.

"आता कायले?" पलीकडून आवाज आला. "कालच व्यापाऱ्याले देऊन टाकला, माय. तो म्हणन त्या भावात."